विहीणबाईंसाठी पोर्तुगीज

बाळंतपणाला मी आपल्याकडे कुंडललाच येणार, असं लेकीनं ब्राझीलहून फोनवर सांगितलं तेव्हा मला कोण आनंद झाला. पण त्याला जोडूनच ती म्हणाली, "आणि आईपण येणार आहेत." आई म्हणजे तिच्या सासूबाई. जावयाला इतक्या लवकर रजा मिळणार नव्हती. पोटुशा सुनेला एवढ्या लांबच्या प्रवासाला एकटीला धाडायला सासूचं मन घेईना. म्हणून त्या स्वतः सोबत येणार होत्या आणि नातवंडाचं तोंड बघूनच परतणार होत्या.

"त्यांना इंग्रजी येतं का गं?" मी विचारलं.

"नाही. पोर्तुगीज, बास."

"मग आम्ही बोलायचं कसं?"

"मी आहे की. आणि आता मोबाइल करतो की भाषांतर."

लेक तिकडं उसाच्या वाणांवर संशोधन करते. तिथंच बरोबर काम करणाऱ्या मुलाशी तिनं लग्न केलं, तेही नोंदणी करून. आम्ही इकडं सोप्यात बसून पडद्यावरच्या जोडप्यावर अक्षता टाकल्या होत्या. विहीणबाईंना मी पाहिलं होतं ते तेवढंच. त्या हात हलवायच्या, मी हात जोडायची, संपलं. आता त्या उंबऱ्यातून आत येणार होत्या. विहिणीचा मान आमच्याकडं मोठा असतो. तिच्यासमोर मोबाइल धरून उभं राहायचं आणि आतून कुणी तिसरीच बाई बोलायची, हे मला पटेना. उभी नोकरी मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या वर्गावर काढली. बाराखडीवर अडखळणाऱ्या पोरांना वाक्यं करायला शिकवली. तर आता आपणच पहिलीत जाऊन बसू, असं मी ठरवलं.

लेकीनं एक शिकवणी शोधून दिली. मडगावच्या एक वयस्क बाई संध्याकाळी मोबाइलवर पोर्तुगीज शिकवायच्या. वर्गात बाकी सगळी तरुण मुलं, पोर्तुगालला कामाला निघालेली. "तुम्ही कशाला शिकता, बाय?" बाईंनी पहिल्या दिवशी मला विचारलं.

"विहीण येणार आहे," मी म्हणाले. पोरं हसली. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग तुमचा अभ्यास पक्का हवा."

पहिलं वाक्य पाण्याचं होतं. "एऊ बेबू आग्वा." एऊ म्हणजे मी, बेबू म्हणजे पिते, आग्वा म्हणजे पाणी. मी पिते पाणी. कर्ता, मग लगेच क्रियापद आणि शेवटी कर्म. मला ते अवघड जाई. आपल्याकडं क्रियापद शेवटी. सगळं सांगून झाल्यावर दार लावावं तसं ते वाक्य बंद करतं. आणि इथं दार मध्येच! मी दर वेळी "एऊ आग्वा" म्हणून थबकायची आणि बाई पलीकडून म्हणायच्या, "पाणी हातात घेतलं, आता पिणार कधी?"

त्यातून वाट दाखवली ती आमच्या ह्यांनी, तेही त्यांच्या नकळत. हे फौजेतून निवृत्त झालेले, आता उसाचं बघतात. एका सकाळी ते सोप्यातून गड्याला ओरडून विचारत होते, "सोडलं का रं पाणी उसाला?" मी भाकरी थापता थापता थांबले. सोडलं, पाणी, उसाला. क्रियापद सगळ्यात आधी! घाईत असलो की आपणही तसंच बोलतो. आली का एसटी, झाली का भाकरी, मिळाला का दाखला. तेव्हापासून मी पोर्तुगीज वाक्य मनात शेताच्या बांधावर उभं राहून म्हणू लागले आणि क्रियापद आपोआप पुढं यायला लागलं.

काही गोष्टी सोप्या निघाल्या. 'मी' म्हणायची सक्ती नव्हती. आपण नुसतं "जाते" म्हणतो, तसं तेही नुसतं "वोउ" म्हणतात. क्रियापदावरून कळतं कोण जातंय ते. प्रश्न करायलाही वाक्य मोडावं लागत नाही, शेवटी आवाज वर न्यायचा की झालं. नकार मात्र क्रियापदाच्या आधी येतो. "एऊ नाँव केरू," मी नको इच्छिते. आपला माणूस "आवं, तसं घेतलं असतं, पण..." करत करत शेवटाला 'नको'वर येतो. त्यांचं उत्तर अर्ध्यातच कळतं. आणि ज्या पगाराची मी दर महिन्याला वाट बघितली, तो त्यांच्याकडं नामच नव्हता. पगार म्हणजे देणे, चुकते करणे. चक्क क्रियापद!

मी अडकले ती 'आहे'पाशी.

आपल्याला एक 'आहे' पुरतं. त्यांना दोन लागतात. "बघा बाय," बाईंनी सांगितलं, "एक आहे 'ए'. जे मुळातच तसं आहे त्याला. ती शिक्षिका आहे, डोंगर उंच आहे. दुसरं 'एस्ता'. जे आत्ता तसं आहे त्याला. चहा गरम आहे, दार उघडं आहे. थोड्या वेळानं चहा निवेल, दार कोणी लावेल."

"साखर गोड असते आणि चहा गोड झालाय, तसं?"

"जवळपास तसंच."

"आणि मेलेला माणूस? त्याला तर 'ए'च लावायचं ना?"

"नाही. त्यालापण 'एस्ता'."

"तो काय उद्या उठून बसणार आहे?"

बाई म्हणाल्या, "भाषा म्हणजे काय कायद्याचं पुस्तक नव्हे, बाय. तसं बोलतात, एवढंच." मी पाठ केलं, पण बोलायला गेलं की तोंडात पहिलं 'ए'च यायचं. ते लहान होतं, चटकन सुटायचं.

विहीणबाई आल्या त्या दिवशी अर्धी गल्ली आमच्या दारात होती. लेकीच्या मागोमाग त्या गाडीतून उतरल्या. उंच, सडपातळ, पिकलेले केस मानेवर बांधलेले, पायांत कापडी बूट. मी पाय धुवायला पाणी दिलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि महिनाभर घोकलेलं वाक्य म्हटलं, "आमचं घर तुमचं घर आहे." त्या थांबल्या. मला जवळ घेऊन भराभर इतकं काही बोलल्या की त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही. लेक म्हणाली, "आई, तुला येतं म्हटल्यावर आता त्या थांबायच्या नाहीत."

जेवताना ह्यांनी आग्रहाची जबाबदारी घेतली. फौजेत निम्मा हिंदुस्थान पाहिल्यामुळं परक्या माणसाशी हिंदी बोललं की भागतं, अशी ह्यांची समजूत. "बहनजी, और एक रोटी," म्हणत ह्यांनी भाकरी पुढं केली.

विहीणबाईंनी ताटावर हात आडवा धरला. "नाँव, नाँव."

ह्यांनी भाकरी खाली ठेवली, ताठ बसले आणि आपलं नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, पलटणीसकट. विहीणबाई डोळे मोठे करून ऐकत राहिल्या. लेकीला हसू आवरेना, तिला पोट धरून बाजूला बसावं लागलं.

"काय झालं?" हे म्हणाले. "बाईंनी नाव इचारलं, म्या सांगितलं."

"त्या नको म्हणताहेत, अण्णा!"

हे क्षणभर ओशाळले आणि मग सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले. त्यानंतर मात्र त्यांनी आग्रह आवरता घेतला.

माझी खरी शिकवणी सुरू झाली ती स्वयंपाकघरात. लेक दुपारी झोपायची तेव्हा आम्ही दोघी आत असायचो. बटाट्याला त्याही बटाटाच म्हणतात, किल्लीला शावी म्हणतात. तेवढ्यावर पहिले दोन दिवस निघाले. मग मी वाक्यं करू लागले. त्या चूक दुरुस्त करायच्या, पण रागावून नाही. चुकीचा शब्द आणि बरोबर शब्द असे दोन्ही माझ्यासमोर ठेवायच्या आणि भुवया वर करून विचारायच्या, हे की ते? मी म्हणाले, "चहा गरम ए." त्यांनी कप हातात घेतला आणि विचारलं, "ए? ओउ एस्ता?" ओउ म्हणजे की. मी म्हणाले, "एस्ता." त्यांनी मान हलवली आणि चहा प्यायला.

एकदा त्या स्वतःच "ता केंची" म्हणाल्या, म्हणजे गरम आहे. मी म्हटलं, 'एस्ता'चं 'एस' गेलं कुठं? लेकीनं सांगितलं, बोलताना तिकडं सगळे 'एस्ता'चं नुसतं 'ता' करतात. ह्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "मग काय, आपण बी आहेचं हाय करतोच की." त्या दिवसापासून त्यांना ती भाषा जरा आपल्यातली वाटू लागली.

विहीणबाईंचं माहेर उसाच्या मुलखातलंच. त्यांचे वडील ऊसतोडीला जायचे. शेताच्या कडेनं चालताना त्यांनी उसाच्या पात्यावरून असा हात फिरवला की त्याची धार त्यांना ठाऊक आहे हे मला तेव्हाच कळलं. त्यांच्याकडं ऊस बाईमाणूस, 'आ काना', ती ऊस. आणि साखर पुरुष, 'ऊ असूकार', तो साखर. आमच्याकडं नेमकं उलटं. मी हे ह्यांना सांगितलं तर त्यांनी बराच वेळ उभ्या पिकाकडं बघितलं आणि म्हणाले, "बाईमाणूसच असंल. येवढं पाणी पिऊन येवढं गोड कोण ऱ्हाईल?" पाणी आणि गोडव्याचा काय संबंध, ते मी विचारलं नाही.

एका रविवारी आम्ही रहिमतपूरला माझ्या माहेरी गेलो. लेकीला घेऊन हळूहळू गाडी चालवत गेलो. भावानं आल्याचं रान दाखवलं, वहिनीनं ओटी भरली, शेजारच्या बायका विहीणबाईंना बघायला आल्या. संध्याकाळपर्यंत माझी पाठ भरून आली. पायरीवर बसत मी विहीणबाईंना म्हणाले, "एस्तोउ कांसादू." दमलेय मी. 'एस्ता'चं रूप बरोबर वापरलं म्हणून मी खूश होते.

त्यांच्या भुवया वर गेल्या. "कांसादू? ओउ कांसादा?"

दमलेला की दमलेली? त्यांच्याकडं बाईनं स्वतःबद्दल बोलताना शेवट 'आ'नं करायचा आणि पुरुषानं 'ऊ'नं. धन्यवाद म्हणतानासुद्धा पुरुष "ओब्रिगादू" म्हणतो आणि बाई "ओब्रिगादा". मी आल्या दिवसापासून त्यांना "ओब्रिगादू" म्हणत होते. तेवढ्यात वहिनी माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मीबी लय दमलो बाई आज."

मी लेकीकडं बघितलं. ती हसायला लागली. मग तिनं सासूला नीट समजावून सांगितलं की मराठीतही बाईचं वेगळं आणि पुरुषाचं वेगळं असतं, पुस्तकात बाई 'दमले' म्हणते, पण आमच्या भागात बायका सरळ 'दमलो', 'आलो', 'गेलो' म्हणतात. मी शाळेत पोरींना 'आले' लिहायला शिकवायची आणि घरी आल्यावर सासूबाईंना "आलो आत्या" म्हणायची. विहीणबाईंना हे फार आवडलं. त्यांनी वहिनीचा हात धरून दोनतीनदा "दमलो, दमलो" म्हणून बघितलं. परतताना गाडीत त्या डोळे मिटून बसल्या होत्या. मध्येच डोळे न उघडता म्हणाल्या, "दमलो."

आठवा महिना सरत आला तसे लेकीचे पाय सुजू लागले. एका सकाळी डोकं दुखतंय, डोळ्यांपुढं चमकतंय, असं तिनं सांगितलं आणि आम्ही तिला गाडीत घालून सांगली गाठली. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि थांबायला नको, आजच ऑपरेशन करू, असं सांगितलं. ह्यांना रक्ताची पिशवी आणायला रक्तपेढीत पाठवलं. दवाखान्यातून फोन करावा लागला तर असावा म्हणून माझा मोबाइल ह्यांनी बरोबर नेला. त्यांचा स्वतःचा घाईत घरीच राहिला होता. विहीणबाईंचा फोन घरच्या वायफायवरच चालायचा, घराबाहेर नुसतं घड्याळ. आमच्यातली दुभाषी आत टेबलावर होती.

दोघी बाकावर बसलो. समोर हिरवा पडदा लावलेलं दार. विहीणबाई पुटपुटत प्रार्थना करत होत्या, मी माझ्या देवाचं नाव घेत होते. आमच्यात एक पाण्याची बाटली होती, ती आम्ही आळीपाळीनं हातात धरत होतो, पीत कोणीच नव्हतं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तरुण होत्या, घाईत होत्या. "मुलगी झालीय. आई बरी आहे, भूल उतरायला वेळ लागेल. बाळ थोडं अशक्त आहे, दिवस भरायच्या आत आलंय ना. काचेच्या पेटीत ठेवलंय. काळजी करू नका," असं म्हणून त्या परत आत गेल्या.

विहीणबाई उभ्या राहून माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"मेनिना," मी म्हणाले. मुलगी.

त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी सुनेचं विचारलं. मी म्हणाले, "एला एस्ता बेंय." ती बरी आहे. हे वाक्य शिकवणीत रोज म्हटलेलं, त्यामुळं जसंच्या तसं आलं. आता बाळाचं सांगायचं राहिलं. अशक्तला 'फ्राका' म्हणतात हे मला आठवलं, आठवलं म्हणून हायसं वाटलं, आणि मी म्हणाले, "आ मेनिना ए फ्राका."

विहीणबाई खाली बसल्या. बसल्या म्हणजे बाक मागं आहे की नाही हेही न बघता बसल्या. त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले. मग हातांमागून त्या काहीतरी बोलल्या. "मिन्या फिल्या," माझी मुलगी, एवढं मला कळलं. मग "एला एरा फ्राका." फ्राका कळलं, मधला शब्द कळला नाही. मला वाटलं, नातीलाच त्या माझी मुलगी म्हणताहेत आणि माझंच वाक्य परत म्हणताहेत. आजी नातीला तसं म्हणतेच. पण अशक्त बाळ म्हटल्यावर इतकं कोसळायचं? आमच्याकडं कितीतरी पोरं पेटीत राहून आली आणि आता फौजेत भरती झालीत. हे मला सांगायचं होतं. पण 'भरती' सोडा, 'कितीतरी'सुद्धा मला येत नव्हतं. मी नुसता त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

थोड्या वेळानं त्यांनी तोंडावरचे हात काढले आणि माझं मनगट धरलं. आवाज बसला होता, पण भुवया वर गेल्या होत्या.

"ए?" त्यांनी विचारलं. "ओउ एस्ता?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी त्यांना सांगितलं होतं की पोरगी मुळातच दुबळी आहे. जन्माची. तशीच राहणार.

"एस्ता!" मी जवळजवळ ओरडले. पलीकडच्या बाकावरची माणसं वळून बघू लागली. "एस्ता! नाँव ए! एस्ता फ्राका. ओजी." आज. आज अशक्त आहे. आणखी काय सांगावं ते सुचेना, तेव्हा मी पुढं जोडलं, "आमान्या, बेंय." उद्या, बरी. क्रियापदच नव्हतं त्यात, पण ते वाक्य त्यांना पुरलं. त्यांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मग त्या रडल्या. मीही रडले, चुकीच्या भीतीनं आणि सुटकेनं.

हे रक्त घेऊन धावत आले तेव्हा आम्ही दोघी तशा बसलेल्या. ह्यांचा चेहराच उतरला. "काय झालं गं?"

"मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

"मग रडताय कशापायी?"

"माझं व्याकरण चुकलं," मी म्हणाले. ह्यांनी एकदा माझ्याकडं आणि एकदा विहीणबाईंकडं बघितलं आणि काही न विचारता आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी लेक बोलण्यासारखी झाली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. 'एरा' हा शब्द विचारला. ती म्हणाली, "आई, 'एरा' म्हणजे 'होती'. 'ए'चं भूतकाळाचं रूप. त्यांना तुझ्या जावयाच्या आधी एक मुलगी होती. जन्मतःच हृदय कमजोर होतं तिचं. चालायला लागली, बोलायला लागली आणि गेली. त्या फार बोलत नाहीत त्याबद्दल."

म्हणजे "एला एरा फ्राका" हे नातीबद्दल नव्हतंच. माझी मुलगी, ती अशक्त होती, असं त्या मला सांगत होत्या आणि मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत पोरं फौजेत गेल्याचं सांगू पाहत होते.

त्या दुपारी आम्ही दवाखान्याच्या मागच्या लिंबाखाली डबा खाल्ला. जेवण झाल्यावर मी धीर केला. लेकीकडून वाक्य शिकून आले होते. "कोमु एरा एला?" मी विचारलं. कशी होती ती?

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, विचारायला नको होतं. मग त्या बोलू लागल्या. हळू, छोट्या छोट्या वाक्यांत, पहिलीतल्या मुलाला कळावं अशा. केस काळे होते. लहान होती. हसरी होती. आंबा आवडायचा. प्रत्येक वाक्यात 'एरा' नाहीतर त्याच्यासारखंच शेपूट असलेलं क्रियापद यायचं. मला निम्मं कळलं असेल. जिथं शब्द अडायचा तिथं त्या हातानं दाखवायच्या, एवढी उंची, असे गाल. एकदा त्यांनी एक शब्द उच्चारला, मला तो समजला नाही, पण त्यांनी तो समजावून सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. बोलून झाल्यावर त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "ओब्रिगादा."

मी त्यांना "ओब्रिगादा" म्हणाले. यावेळी शेवट बरोबर केला.

नात पेटीतून बाहेर आली, दूध ओढायला लागली आणि आम्ही तिला कुंडलला आणलं. जावई रजा घेऊन बारशाला पोचले. पाळण्याला हात लावून ते हुंदके देत रडायला लागले. ह्यांनी त्यांना बाहेर नेलं आणि रानातून एक चक्कर मारून आणलं. दोघं काय भाषेत बोलले देव जाणे. पायांवर घेऊन बाळाला अंघोळ कशी घालायची ते मी विहीणबाईंना शिकवलं. त्या दिवसांत आज्ञार्थी वाक्यं मला फार उपयोगी पडली. धर, ओत, हळू, पुस. आधी त्यांचे लांब पाय पाटावर मावेनात, मग जमलं. मराठीत त्या "बास" आणि "थांब की" शिकल्या आणि दोन्ही अगदी आमच्या हेलात म्हणायच्या. जाताना मी त्यांना जोंधळ्याचं पीठ दिलं. तिकडं त्याच्या भाकरी झाल्या की घावनं झाली, हे मला अजून कळलेलं नाही.

नात सहा महिन्यांची होऊन लेकही परत गेली. शिकवणी मी सोडलेली नाही. वर्गातली तरुण पोरं केव्हाच विमानात बसली, आता नवी आलीत, त्यांत पुन्हा मीच म्हातारी.

विहीणबाई आणि मी आठवड्यातून एकदा बोलतो. आमची संध्याकाळ म्हणजे त्यांची सकाळ. त्या कॉफी करत असतात, मी मेथी निवडत असते. नातीचं सांगून झालं की बरेचदा आम्ही दोघी नुसत्या कामं करत बसतो, फोन डब्याला टेकवून. परवा त्यांनी विचारलं, "शोवी?" पाऊस पडतोय का? नुसतं एवढंच क्रियापद, त्याला कर्ताच नाही. पडतंय कोण, ते सांगायची त्यांना गरजच वाटत नाही. मी दारात जाऊन बघितलं. अंगण कोरडं होतं, पण शिराळ्याच्या अंगाला आभाळ काळंभोर होऊन खाली आलं होतं. 'भरून आलंय' कसं म्हणायचं, ते मला येत नव्हतं. मी फोन तिकडं वळवून धरला.